स्वस्त डीएसपी गाडीत बसवताना: आधी व्होल्टेज, मग डिले, ईक्यू शेवटी

सातारी_वूफर

मंडळी, गाडीतला कंपनीचा स्टिरिओ तसाच ठेवून डीएसपी (डिजिटल सिग्नल प्रोसेसर, म्हणजे स्टिरिओ आणि अ‍ॅम्पच्या मध्ये बसून प्रत्येक स्पीकरचा आवाज वेगळा जुळवणारी पेटी) बसवायचा आहे. सामान असं:

- उजव्या स्टिअरिंगची हॅचबॅक. स्टिरिओ टचस्क्रीन, आरसीए आउट (अ‍ॅम्पला थेट जोडायचं कमी व्होल्टेजचं आउटपुट) नाही, फक्त चार स्पीकरच्या वायरी.
- पुढच्या दारांत साडेसहा इंची कंपोनंट (वूफर आणि ट्विटर वेगळे असलेला सेट), ट्विटर ए-पिलरच्या (पुढच्या काचेशेजारच्या खांबाच्या) मुळाशी.
- चार चॅनेलचा अ‍ॅम्प, ४ ओहमला चॅनेलमागे ५० वॉट. सबला (सबवूफर, खालच्या बासचा स्पीकर) वेगळा मोनो अ‍ॅम्प, ३०० वॉट. सब दहा इंची, सीलबंद पेटीत, डिकीत.
- डीएसपी डेटन ऑडिओचा डीएसपी-४०८ किंवा त्याच जातीचा, चार इनपुट आठ आउटपुटवाला.

कंपोनंटसोबत आलेले पॅसिव्ह क्रॉसओव्हर (वूफर-ट्विटरमध्ये सूर वाटणारे फिल्टर) ठेवायचे की काढायचे? आणि सॉफ्टवेअर उघडल्यावर सुरुवात कुठून करायची?

खर्ज

ईक्यूचं (इक्वलायझरचं) पान इतक्यात उघडू नका. या किमतीच्या डीएसपीत ईक्यू पुरेसा असतो. ४०८ मध्ये प्रत्येक आउटपुटला दहा बँड मिळतात, गाडीला तेवढ्यात भागतं. गडबड होते ती व्होल्टेजच्या हिशेबात. म्हणून आधी स्टिरिओतून काय येतंय ते तपासा, मग गेन (अ‍ॅम्प सिग्नल किती मोठा करतो ते), क्रॉसओव्हर, डिले (जवळच्या स्पीकरचा आवाज किंचित थांबवणं), पोलॅरिटी (प्लस-मायनस सरळ की उलटं) आणि सगळ्यात शेवटी ईक्यू. मधली एक पायरी चुकली की तिच्यापुढचं सगळं पुन्हा करावं लागतं.

पॅसिव्ह क्रॉसओव्हर काढा. चार चॅनेल आहेत, दोन वूफरला आणि दोन ट्विटरला लावा. पॅसिव्ह ठेवले तर एका बाजूच्या वूफर आणि ट्विटरला एकच डिले द्यावा लागतो, आणि डीएसपी घेण्याचा निम्मा फायदा तिथेच संपतो.

ट्विटरच्या प्लस वायरमध्ये मात्र ४७ मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कपॅसिटर सिरीजमध्ये ठेवाच. ४ ओहमला तो साधारण ८५० हर्ट्झखालचे सूर कापतो, म्हणजे पुढे सांगतो त्या ३५०० हर्ट्झच्या क्रॉसओव्हरमध्ये फारसा लुडबुडत नाही. पण डीएसपीचं सेटिंग उडालं आणि ट्विटरला पूर्ण रेंज गेली, तर व्हॉइस कॉइल वाचवायला तोच असतो. १०० व्होल्टचा घ्या. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला ‘बायपोलर’ म्हणून मागितलात तरी मिळेल.

अजून एक. नव्या डीएसपीत बहुतेक वेळा सगळे आउटपुट फुल रेंज असतात. लॅपटॉपवर क्रॉसओव्हर टाकून, ते डीएसपीच्या प्रीसेटमध्ये सेव्ह करून, एकदा बंद-चालू करून सेटिंग टिकलंय हे पाहा. त्यानंतरच ट्विटरच्या वायरी जोडा.

अर्थिंग

इनपुटच्या वायरिंगबद्दल मी लिहितो, कारण सामान जळतं ते इथेच.

कंपनीच्या स्टिरिओचं आउटपुट ब्रिज पद्धतीचं असतं, म्हणजे स्पीकरच्या दोन्ही वायरींवर सिग्नल असतो. स्पीकरची निगेटिव्ह वायर म्हणजे अर्थ नव्हे. मल्टीमीटर डीसीवर ठेवून स्पीकरची प्रत्येक वायर बॉडीशी मोजा, दोन्हींवर सहा-सात व्होल्ट दिसतील, म्हणजे सप्लायच्या निम्मे. ती निगेटिव्ह बॉडीला लावली की आउटपुटचा आयसी प्रोटेक्शनमध्ये जातो किंवा कायमचा बसतो. दोन स्पीकरच्या निगेटिव्ह एकत्र करणं हेही तितकंच वाईट. चारही जोड्या वेगळ्याच डीएसपीच्या हाय-लेव्हल इनपुटपर्यंत (स्पीकरच्या वायरी थेट घेणाऱ्या) न्या.

व्होल्टेज किती येईल? स्टिरिओचा आयसी ४ ओहमला न फाटता (लाट वरून चपटी न होता, म्हणजे क्लिप न होता) २० वॉट देत असेल तर तारेवर सुमारे ९ व्होल्ट आरएमएस येतात. तुमच्या डीएसपीचं हाय-लेव्हल इनपुट किती सोसतं ते मॅन्युअलमध्ये पाहा. आकडा कमी असेल तर सिग्नल पहिल्याच पायरीवर फाटतो, आणि पुढे सॉफ्टवेअरमध्ये काहीही कमी केलं तरी फाटलेला आवाज दुरुस्त होत नाही. लोक मग स्पीकर बदलतात, बिचाऱ्या स्पीकरचा काही दोष नसताना.

काही स्टिरिओंना स्पीकर जोडलेला दिसला नाही की ते आवाजच देत नाहीत. तसं झालं तर प्रत्येक जोडीच्या प्लस-मायनसवर ४७ ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर आडवा टाका. ९ व्होल्टला त्यात १.७ वॉट जळतात, म्हणजे तो चांगला तापतो. इन्सुलेशन टेप गुंडाळून डॅशबोर्डच्या फोमवर ठेवू नका, धातूच्या पट्टीला बांधा.

आणि कंपनीची वायर कापू नका. तुमच्या मॉडेलचा मेल-फिमेल कपलरचा जोड बाजारात मिळतो, सगळे जोड त्यातच काढा. वॉरंटीचा वाद टळायला मदत होते आणि गाडी विकताना सगळं पूर्ववत करता येतं.

आता सिग्नल तपासा. ४०, १०० आणि ४०० हर्ट्झचे ० डीबीचे (फाईलमध्ये शक्य तितक्या मोठ्या पातळीचे) टोन पेनड्राइव्हवर घ्या. स्टिरिओचा ईक्यू, लाउडनेस, सराउंड सगळं बंद, फेडर-बॅलन्स मध्यावर. तीन वेगवेगळ्या व्हॉल्यूमला एसी व्होल्ट लिहून काढा.

सातारी_वूफर

मोजलं. पुढची डावी जोडी:

व्हॉल्यूम १५: ४० हर्ट्झ १.२ व्होल्ट, ४०० हर्ट्झ १.२.
व्हॉल्यूम २२: ४० हर्ट्झ ३.१, ४०० हर्ट्झ ३.२.
व्हॉल्यूम ३०: ४० हर्ट्झ ३.९, ४०० हर्ट्झ ७.८.

मीटरमध्ये काही बिघाड आहे का?

अर्थिंग

मीटर ठीक आहे. ३० वर ४० हर्ट्झचं व्होल्टेज ४०० च्या बरोबर निम्मं आहे, म्हणजे ६ डीबी कमी. दारातले कागदी वूफर फाटू नयेत म्हणून कंपनी मोठ्या व्हॉल्यूमला बास आपोआप कापते. डीएसपीत हे भरून काढता येत नाही, कारण कपात व्हॉल्यूमप्रमाणे बदलते. एका व्हॉल्यूमला बरोबर केलेला ईक्यू दुसऱ्या व्हॉल्यूमला चुकतो.

तुमच्या स्टिरिओत २२ पर्यंत सिग्नल सपाट आहे. २३, २४, २५ लाही मोजा आणि सपाट राहणारा शेवटचा आकडा पकडा. तोच तुमचा कमाल व्हॉल्यूम, सगळे गेन त्याच आकड्याला लावायचे. रोजचा आवाज कमी-जास्त करायला डीएसपीचा रिमोट नॉब घ्या. ३.२ व्होल्ट इनपुटला भरपूर झाले, आणि इनपुट फाटण्याची भीतीही गेली.

तारयंत्र

गेनबद्दल. आधी डीएसपीचे आउटपुट लेव्हल ० डीबीवर आणि मास्टर व्हॉल्यूम पूर्ण ठेवा, मग अ‍ॅम्पचा गेन शून्यापासून वर न्या. उलटं केलं, म्हणजे डीएसपी खाली आणि अ‍ॅम्प पूर्ण वर, तर डीएसपीच्या आउटपुटचा स्वतःचा खरखराट अ‍ॅम्प मोठा करून ट्विटरमध्ये ओततो. स्वस्त डीएसपी ‘हिस्स करतो’ अशा तक्रारींमागे बहुतेक वेळा हेच असतं.

स्पीकर काढून ठेवा. सूत्र एवढंच, वॉट गुणिले ओहम यांचं वर्गमूळ. ५० वॉट आणि ४ ओहम म्हणजे २०० चं वर्गमूळ, १४.१ व्होल्ट. सबला ३०० वॉट, ४ ओहम, म्हणजे ३४.६ व्होल्ट. टोन वाजवून अ‍ॅम्पच्या आउटपुटला इतके एसी व्होल्ट दिसेपर्यंत गेन फिरवायचा.

साधा मल्टीमीटर ५० हर्ट्झच्या आसपासच खरं बोलतो. ४०० हर्ट्झपुढे बरेच स्वस्त मीटर कमी आकडा दाखवू लागतात. ट्विटरच्या चॅनेलला ५००० हर्ट्झचा टोन लावून गेन वाढवत बसलात तर अ‍ॅम्प हमखास फाटेल. त्यापेक्षा ट्विटर काढलेला असताना त्या चॅनेलचा हाय-पास (खालचे सूर अडवणारा फिल्टर) तात्पुरता बंद करा, १०० हर्ट्झच्या टोनवर गेन लावा, हाय-पास परत चालू करा, सेव्ह करा आणि मगच ट्विटर जोडा.

ऑसिलोस्कोप असेल तर उत्तमच, लाट वरून चपटी व्हायला लागली की तिथून थोडं मागे या. फक्त तो बॅटरीवर चालणारा असू दे. घरच्या प्लगवरच्या स्कोपची प्रोबची अर्थ क्लिप ब्रिज आउटपुटला लावली तर आउटपुट अर्थला शॉर्ट होऊ शकतं.

पाणशेत

० डीबीच्या टोनवर लावलेला गेन गाण्यांना कमी पडतो. रेकॉर्डिंगची सरासरी पातळी त्याहून बरीच खाली असते. वूफर-ट्विटरला -५ डीबीचा टोन वापरला तर आवाज मोकळा होतो.

तारयंत्र

@पाणशेत, बरोबर, पण त्या ५ डीबीत हल्लीची दाबून मास्टर केलेली गाणी मोठ्या व्हॉल्यूमला क्लिप होतात. शास्त्रीय, नाट्यसंगीत, जुनी भावगीतं ऐकणाऱ्याने -५ घ्यावा. डीजे रिमिक्स ऐकणाऱ्याने ० वरच राहावं. सबला कुठल्याही परिस्थितीत ०.

खर्ज

क्रॉसओव्हर पटकन सांगतो. सब लो-पास (वरचे सूर अडवणारा) ८० हर्ट्झ, वूफर बँड-पास (फक्त मधला पट्टा सोडणारा) ८० ते ३५००, ट्विटर हाय-पास ३५००. सगळीकडे लिंकविट्झ-रायली (फिल्टरचा एक प्रकार, थोडक्यात एलआर) २४ डीबी. या प्रकारात दोन्ही बाजू क्रॉसओव्हरला ६ डीबी खाली असतात आणि एका फेजमध्ये (लाटांचे चढ-उतार एकसाथ) येऊन मिळतात. बटरवर्थ २४ घेतला तर दोन्ही ३ डीबीच खाली, म्हणून त्या जागी ३ डीबीचा उंचवटा येतो. ट्विटरचा रेझोनन्स (तो स्वतःहून जास्त थरथरतो तो सूर) त्याच्या कागदावर बघा, क्रॉसओव्हर त्याच्या दुपटीच्या वरच ठेवा.

आता डिले. चालकाच्या सीटवर नेहमीच्या बसण्याच्या जागी डोकं असताना, नाकाच्या शेंड्यापासून प्रत्येक स्पीकरच्या मध्यापर्यंत टेपने अंतर मोजा आणि इथे द्या.

सातारी_वूफर

उजवा वूफर ८० सेंमी, उजवा ट्विटर ८५, डावा ट्विटर ११८, डावा वूफर १३२, सब १६५.

खर्ज

२५ अंशांना ध्वनी एका मिलिसेकंदात साधारण ३४.६ सेंमी जातो. सर्वांत लांबचा शून्य धरायचा, बाकीच्यांना त्याच्यापेक्षा जितके जवळ तितकं थांबवायचं.

सब: ०
डावा वूफर: (१६५ − १३२) ÷ ३४.६ = ०.९५ मिलिसेकंद
डावा ट्विटर: ४७ ÷ ३४.६ = १.३६
उजवा ट्विटर: ८० ÷ ३४.६ = २.३१
उजवा वूफर: ८५ ÷ ३४.६ = २.४६

डीएसपी ४८ किलोहर्ट्झवर चालत असेल तर एक पायरी ०.०२१ मिलिसेकंदांची, म्हणजे सात मिलिमीटरची. टेप धरताना त्याहून जास्त चूक होते, तेव्हा दशांशांत अडकू नका. उन्हात तापलेल्या गाडीत ध्वनीचा वेग थोडा वाढतो, त्याचाही विचार करायची गरज नाही.

एकल गायनाचं रेकॉर्डिंग लावा. आवाज डॅशबोर्डच्या मध्यावर, एका जागी उभा राहिला पाहिजे. उजवीकडे सरकला असेल तर उजव्या जोडीला ०.०५ ने वाढवत जा. पण आवाज पसरट, दोन ठिकाणांहून आल्यासारखा, डोक्यात घुमणारा वाटला तर तो डिलेचा दोष नाही, एक वूफर उलट्या पोलॅरिटीत आहे. दीड व्होल्टचा सेल वूफरच्या वायरींना क्षणभर टेकवा. सेलचा प्लस तुम्ही ज्या वायरला प्लस म्हणता तिला लागल्यावर कोन बाहेर यायला हवा. ट्विटरवर ही चाचणी करू नका.

न्यूजर्सीचा_पंखा

इकडच्या गाड्यांत स्टिअरिंग डावीकडे, तेव्हा वाचणाऱ्यांनी डावं-उजवं उलट घ्यावं. एक प्रश्न: शेजारच्या सीटवरच्या माणसाचं काय?

खर्ज

त्याचं बिघडतं, ते मान्य करायचं. डिले एका डोक्यासाठीच असतो. दोन प्रीसेट ठेवा: एक चालकाचा, दुसरा सगळे डिले शून्य करून, नुसता ईक्यू असलेला, घरचे सोबत असतील तेव्हा.

सबचा डिले टेपवर सोडू नका. लो-पास फिल्टर स्वतःच सिग्नल मागे ओढतो. ८० हर्ट्झचा एलआर-२४ खालच्या सुरांना सुमारे साडेपाच मिलिसेकंद उशीर करतो. वूफरच्या एलआर हाय-पासमुळे दोन्हींची फेज जुळायला हवी, पण दाराचा वूफर खाली नैसर्गिकरीत्याही उतरत असतो आणि त्याची फेज आणखी वळते. म्हणून कानाने किंवा माइकने जुळवायचं:

८० हर्ट्झचा टोन लावा, सब आणि दोन्ही वूफर चालू. माइक डोक्याच्या जागी. सबची पोलॅरिटी उलटी करा. आता पुढच्या चारही स्पीकरचा डिले एकत्र, अर्ध्या मिलिसेकंदाने वाढवत न्या आणि आवाज सर्वांत खाली कधी पडतो ते शोधा. उंचवटा शोधण्यापेक्षा खड्डा शोधणं सोपं, तो फार स्पष्ट असतो. सापडला की सबची पोलॅरिटी सरळ करा. डीएसपी-४०८ आठ मिलिसेकंदांच्या थोडं वर जातो, तुमचा कमाल डिले २.४६ आहे, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद हाताशी आहेत.

सातारी_वूफर

इंजिन चालू केलं की बारीक शिट्टी येते, अ‍ॅक्सिलरेटरबरोबर चढते. शिवाय गाडी ट्रॅफिक सिग्नलला आपोआप बंद होऊन परत चालू झाली की सबमध्ये ठप्प आवाज.

अर्थिंग

शिट्टी अल्टरनेटरची. अंदाजाने वायरी बदलू नका, क्रमाने शोधा.

१. अ‍ॅम्प बंद करून अ‍ॅम्पच्या इनपुटचे आरसीए काढा आणि तिथे शॉर्ट केलेले आरसीए प्लग लावा. इंजिन चालू. शिट्टी राहिली तर दोष अ‍ॅम्पच्या पॉवर किंवा अर्थमध्ये.
२. गेली तर आरसीए परत लावा आणि डीएसपीच्या इनपुटचा कपलर काढा. शिट्टी राहिली तर दोष डीएसपीचा अर्थ, त्याचा पॉवर सप्लाय किंवा आरसीए केबलचा मार्ग.
३. तेव्हाही गेली तर दोष स्टिरिओ आणि डीएसपी यांच्यामध्ये.

अर्थ पॉइंट असा करा: डीएसपी आणि दोन्ही अ‍ॅम्प एकाच बोल्टवर, वायर अर्ध्या मीटरच्या आत. बोल्टखालचा रंग सँडपेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, थिंबल क्रिंप करा, घट्ट आवळून वर ग्रीस लावा. सीट बेल्टचा बोल्ट वापरायचा नाही. बॅटरीच्या प्लसपासून हातभर अंतराच्या आत फ्यूज. पॉवर वायर गाडीच्या एका बाजूने, आरसीए दुसऱ्या बाजूने, ओलांडायचीच झाली तर काटकोनात.

स्वस्त डीएसपीत पॉवर सप्लाय बऱ्याचदा आयसोलेटेड नसतो. डीएसपीचा अर्थ आणि आरसीएचं शील्ड आतून थेट जोडलेलं असतं, म्हणून दुसऱ्या पायरीत शिट्टी अडकते. सगळं करूनही जात नसेल तर डीएसपीच्या पॉवरवर १२ ते १२ व्होल्टचा आयसोलेटेड डीसी-डीसी मॉड्यूल लावा. डीएसपीला लागतो त्याच्या दुप्पट करंटचा घ्या.

ठप्प आवाजाचं कारण: स्टार्टर फिरताना व्होल्टेज पडतं, डीएसपी रीसेट होतो आणि अ‍ॅम्प तोवर जागाच असतो. अ‍ॅम्पची रिमोट वायर (त्याला चालू-बंद करणारी) स्टिरिओवरून नव्हे, डीएसपीच्या रिमोट आउटवरून घ्या आणि सॉफ्टवेअरमध्ये रिमोट डिले असेल तर दोन-तीन सेकंद ठेवा. तेवढ्याने गेलं नाही तर डीएसपीलाच कमी व्होल्टेज सोसवत नाही, त्याला इनपुट खाली गेलं तरी १२ व्होल्ट टिकवणारा स्टॅबिलायझर लागेल.

जागेबद्दलही: डीएसपी सीटखाली थेट कार्पेटवर ठेवू नका. पावसाळ्यात एसीचा ड्रेन तुंबला की पाणी तिथेच येतं. प्लायच्या तुकड्यावर चढवा.

तारयंत्र

ज्यांना स्वतः बोर्ड जोडायचा आहे त्यांच्यासाठी: एडीएयू-१७०१ या डीएसपी चिपचा बोर्ड चार चॅनेलला पुरतो. दोन इनपुट, चार आउटपुट, सिग्मास्टुडिओ सॉफ्टवेअर फुकट, विंडोजवर चालतं. ४८ किलोहर्ट्झला प्रत्येक सँपलमागे १०२४ सूचना मिळतात आणि २०४८ शब्दांची डेटा मेमरी. सगळे डिले आणि फिल्टर त्यातच बसवायचे. पण त्याचं आउटपुट पूर्ण पातळीला ०.९ व्होल्टच आहे. गाडीच्या आवाजाच्या वातावरणात हे फार कमी, अ‍ॅम्पचा गेन वर न्यावा लागतो आणि शिट्टीही सोबत वर येते. पुढे ऑप-अ‍ॅम्पची दोन-तीन पटींची पायरी घाला. आणि कंपाइल करून ऐकलं की झालं असं समजू नका, ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) लिहिलं नाही तर किल्ली फिरवल्यावर सगळं कोरं.

पाणशेत

@सातारी, आता ईक्यू. आरईडब्ल्यू (रूम ईक्यू विझार्ड, आवाज मोजायचं सॉफ्टवेअर) फुकट आहे. माइक यूएमआयके-१ किंवा आयएमएम-६ घ्या, दोन्हींसोबत त्या-त्या माइकची कॅलिब्रेशन फाईल मिळते, ती भरायची विसरू नका. लॅपटॉप बॅटरीवर चालवा, चार्जर लावला की युएसबीतून हम येतो. गाडीच्या काचा बंद, एसी बंद, इंजिन बंद. बॅटरी १२.२ व्होल्टच्या खाली गेली की थांबून चार्ज करा.

आरईडब्ल्यूतून पिंक नॉईजची (सगळे सूर एकत्र असलेल्या खळखळाटाची) वेव्ह फाईल बनवून पेनड्राइव्हवरून वाजवा. आरटीए (कुठला सूर किती मोठा ते दाखवणारा आलेख) चालू करून माइक दोन्ही कानांच्या जागी, डोक्याभोवती ३०-४० सेकंद सावकाश फिरवा, सरासरी घ्या, एक-षष्ठांश ऑक्टेव्ह स्मूदिंग. एकेक स्पीकर वेगळा मोजा. आधी डावा-उजवा वूफर एकमेकांसारखे करा, मग ट्विटर. डावी-उजवी बाजू जुळली की आवाज मध्ये उभा राहतो, टार्गेट कर्व्ह (शेवटी हवा असलेला आलेखाचा आकार) त्यानंतरची गोष्ट. कर्व्ह साधारण असा: ६० हर्ट्झखाली मधल्या भागापेक्षा ८ ते १० डीबी वर, २०० पर्यंत उतरत सपाट, तिथून २० किलोहर्ट्झपर्यंत हळूहळू ५ डीबी खाली.

आरईडब्ल्यूने काढून दिलेले क्यू (फिल्टर किती अरुंद ते सांगणारे आकडे) जसेच्या तसे भरू नका. काही डीएसपींत क्यूची व्याख्या वेगळी असते, काहींत क्यूऐवजी बँडविड्थ. एक फिल्टर भरा, परत मोजा, वक्र अपेक्षेप्रमाणे बदलला का पाहा.

सातारी_वूफर

वूफर जुळले. दोन्ही वूफर एकत्र वाजवले की ९० हर्ट्झला १० डीबीचा खड्डा. ईक्यूने ६ डीबी वाढवून पाहिलं, खड्डा तसाच.

खर्ज

ते ६ डीबी लगेच काढून टाका. ६ डीबी म्हणजे त्या सुराला चौपट वॉट. ५० वॉटचा अ‍ॅम्प तिथे आधी क्लिप होईल आणि खड्डा भरणार नाही, कारण एका वूफरचा आवाज दुसऱ्याचा खोडतोय. दोन्ही वाढवले की खोडणंही तेवढंच वाढतं.

डावा एकटा आणि उजवा एकटा मोजा. दोघांतही खड्डा असेल तर तो गाडीच्या पोकळीचा, तिथे हात लावू नका. एकेकट्याला नसेल आणि एकत्र वाजवल्यावरच पडत असेल तर ९० हर्ट्झला दोघांच्या फेजमध्ये फरक आहे. मग उजव्या वूफरचा डिले २.४६ वरून ०.२ च्या पायऱ्यांनी खाली-वर करून बघा, खड्डा कुठे भरतो ते टिपा. त्या आकड्याला गायकाचा आवाज मध्यातून सरकत असेल तर डिले परत २.४६ वर आणा आणि वूफरचा हाय-पास व सबचा लो-पास दोन्ही १०० हर्ट्झवर न्या, म्हणजे ९० चा सूर मुख्यतः सब वाजवेल. त्यानंतर सबची फेज १०० हर्ट्झच्या टोनवर पुन्हा जुळवा आणि तिन्ही मोजमापं इथे टाका.